फक्त बिअर

आमच्या गावात कुणाबद्दल ‘तो पितो’ असं म्हटलं, की ऐकणारा आधी विचारतो, “काय पितो?” उत्तर ब्रँडी किंवा व्हिस्की असलं तर चुकचुकतात आणि त्याच्या बायकोशी चर्चच्या पायरीवर जरा जास्त मायेने बोलतात. उत्तर बिअर असलं तर विषयच संपला. बिअर पिणं म्हणजे काही पिणं नव्हे. फॉक्स नदीच्या काठावर कागदाच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हापासूनचा हा समज आहे, आणि तो खोडून काढणारा माईचा लाल अजून जन्मायचाय. बापाशेजारी बसलेल्या पोरापुढे ग्लास ठेवायला विस्कॉन्सिनात कायदासुद्धा आड येत नाही, तिथे गावकऱ्यांना काय बोल लावायचा?

वर्लिन वँडहे याच गावचा. चौतीस वर्षं त्याने गिरणीत लाकडाचा लगदा शिजवला. गिरणी बंद झाली तेव्हा पदरात पडलं काय, तर एक मनगटी घड्याळ आणि मेलेलं नाक. गंधकाच्या वाफा खाऊन खाऊन त्याची वासाची जाण पार गेली होती. कांदा करपला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. आणि असल्या माणसाने छंद कुठला लावून घ्यावा? तर घरच्या घरी बिअर बनवण्याचा! गाव हसलं. हसू दे. वर्लिनने त्यावर तोडगा काढला होता. मुलगा केंडल बारा वर्षांचा झाल्यापासून बापाचं नाक तोच होता.

त्यांची रीत ठरलेली. तळघरात बादलीतली बिअर आंबत आली, की वर्लिन त्यातली थोडी एका उभ्या काचेच्या नळीत काढायचा. तिच्यात तरंगता मापक सोडायचा. दुधात पाणी घातलंय का हे बघायला डेअरीत वापरतात, त्याच जातीचा. चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचा, मग नळी पोराच्या हातात द्यायचा. “चाख आणि सांग.” पोरगं घोट घ्यायचं, डोळे मिटून जिभेवर घोळवायचं. “जळकी साखर, डॅड.” नाहीतर, “केळं! शप्पथ, केळं!” वर्लिनचा चेहरा असा फुलायचा, की जणू केळं त्यानेच खाल्लं. एरवी या बापलेकांत बोलणं म्हणजे हवा आणि फुटबॉल. पाच मिनिटांत दोन्ही संपायचं. भांडं उकळत असलं की मात्र दोघं तासन् तास गप्पा मारायचे. आई आर्लिस वरून ऐकायची आणि म्हणायची, “स्वयंपाकघरात मुके, तळघरात पोपट.”

केंडल मोठा झाला, छपरं घालायच्या कामाला लागला, लग्न केलं, त्याला मुलगी झाली. बिअर प्यायचा. सगळेच पितात. सकाळी कामावर जाताना गाडीत एक लागायला लागली, तेव्हा त्याची बायको मारिट सासऱ्याशी बोलायला आली. वर्लिन तिला म्हणाला, “अगं पोरी, फक्त बिअर पितो ना? मग?”

नाताळानंतरच्या तिसऱ्या दिवशी केंडलने गाडी रस्त्याकडेच्या खड्ड्यात घातली. मागच्या सीटवर चार वर्षांची टिली होती. गाडी बर्फात कुशीवर पडली आणि पोरगी पट्ट्याला लोंबकळत अर्धा तास रडत होती. कुणाला खरचटलंही नाही. पण पोलिसांनी यंत्रात फुंकर मारायला लावली तेव्हा सगळं उघड झालं. केंडलला अठ्ठावीस दिवस दारू सोडवण्याच्या केंद्रात ठेवलं. तिथे घरच्यांची बैठक झाली. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, वडिलांना काही सांगायचंय का? वर्लिन उठला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, “मॅडम, तो फक्त बिअर पितो हो.” आर्लिसने त्याच्या शर्टाची बाही धरून त्याला खाली बसवलं.

मारिटची अट सरळ होती, आणि ती तिने सगळ्यांसमोर सांगितली. “खड्ड्याच्या दिवसापासून नव्वद दिवस, केंडल. आईकडे राहा. एक थेंब नको. आणि खोटं तर त्याहून नको. नव्वदाव्या दिवशी मी आणि टिली तुला न्यायला येऊ.”

आर्लिसने घर धुऊन काढलं. तळघरातल्या दोनशे बाटल्या तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या. शेजारी दुःखी चेहऱ्याने आले आणि हातगाड्या भरून घेऊन गेले. वर्लिनने हूं की चूं केलं नाही. त्याला हवी असेल ती कोपऱ्यावरच्या बारमध्ये जाऊन प्यायची, घरात आणायची नाही, असं ठरलं. तळघरात राहिली फक्त एक पुठ्ठ्याची पेटी. नाताळात केंडलनेच ती बापाला भेट दिली होती. वर फळांचं चित्र, आत एका बिअरचं सगळं सामान. गव्हाच्या माल्टची पावडर, भरडलेल्या धान्याची पुरचुंडी, हॉप्सच्या वाळल्या फुलांच्या चंदेरी पुड्या, यीस्ट, बुचं आणि सूचनांचा कागद. “आयुष्यभर काळ्याकुट्ट बिअर केल्यास, डॅड,” तो तेव्हा म्हणाला होता, “एकदा जरा उन्हातली कर.”

“ती पेटीपण जाऊ दे, वर्लिन,” आर्लिस म्हणाली.

“अगं, ती बिअर नाही. गहू आहे, पाला आहे, साखर आहे. बेकरीत याहून वेगळं काय असतं?”

“बेकरीतून निघून कुणी खड्ड्यात जात नाही.”

पण पेटी राहिली.

केंडल रोज संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या मंडळींत जाऊन बसायचा. तिथे दारू सोडलेले लोक आपापले दिवस मोजतात. उरलेला वेळ तो जेवणाच्या टेबलापाशी बसून बोटांची साल काढायचा. छपरांची कामं हिवाळ्यात बंद, गाडीचा परवाना जप्त. बाप समोर बसायचा. हवा संपायची, फुटबॉल संपायचा. मग घड्याळाची टकटक. वर्लिनला आयुष्यात कशाची भीती वाटली नसेल तेवढी त्या टकटकीची वाटायला लागली. पोरगा समोर होता आणि त्याला त्याच्याशी एक वाक्य बोलता येत नव्हतं.

बासष्टाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, केंडलच म्हणाला, “डॅड, ती पेटी अजून आहे ना? उकळूया का? प्यायची नाही. नुसती करू. हाताला काहीतरी काम पाहिजे मला.”

वर्लिनने नाही म्हणायला हवं होतं. तुम्हाला कळतंय, मला कळतंय, वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या आर्लिसला तर कळतच होतं. पण वर्लिन आधीच भांडं घासायला लागला होता. “सगळ्या बाटल्या माझ्या पत्ते खेळणाऱ्या दोस्तांना देऊन टाकू,” तो वर बघून ओरडला. “एक घरात ठेवणार नाही! खरं ना, केंडल?”

तो दिवस चांगला गेला. हे मान्य करायलाच हवं. पुरचुंडी गरम पाण्यात चहासारखी भिजली, पावडर पडली, फेस भांड्याच्या काठापर्यंत चढला आणि दोघांनी एकदम फुंकर मारली. थोडे हॉप्स कडवटपणासाठी सुरुवातीला, बाकीचे सगळे वासासाठी अगदी शेवटी. केंडलने पुडी फाडून नाकाशी धरली.

“संत्रं,” तो म्हणाला. “नाही, थांब. संत्र्याची साल. आणि जर्दाळू.”

“वास घेतलेला चालतो ना तुला?” वर्लिनने विचारलं.

“वासाने कुणी पडत नाही, डॅड.”

गरम भांडं दोघांनी कड्यांना धरून अंगणात नेलं आणि बर्फाच्या ढिगात रोवलं. वाफ वर चढत होती. शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, “काय रे, सूप करताय?” आणि केंडल हसला. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. वर्लिनला वाटलं, झालं. पोरगा परत आला. त्या संध्याकाळी त्याने बायकोला तेच सांगितलं, आणि ती म्हणाली, “हसला म्हणजे परत आला नव्हे.” तिला निराशेची सवयच आहे, असं म्हणून त्याने पाठ फिरवली.

दोन आठवडे बादली तळघराच्या कोपऱ्यात बुडबुडत होती. शहात्तराव्या दिवशी दोघं खाली गेले. बुडबुडे थांबले होते. वर्लिनने तोटी फिरवली, नळी भरली, मापक सोडला, चष्मा कपाळावर चढवला. आकडा असा सुरेख उतरला होता की तो स्वतःशीच गुणगुणायला लागला. बिअर गढूळ पिवळी, पिकलेल्या पीचसारखी. नळी त्याच्या हातात होती आणि नाक शेजारी उभं होतं.

“चाख आणि सांग,” वर्लिन म्हणाला.

एकवीस वर्षं हा हात असाच पुढे होत आला होता. जित्याची खोड म्हणतात ती हीच. त्याने विचार केला नाही, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल, आणि तेच त्याच्या विरुद्धही आहे. केंडलने नळीकडे पाहिलं, मग बापाच्या तोंडाकडे. नळी घेतली. डोळे मिटून घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि गिळला.

“पीच,” तो म्हणाला. “मागून संत्र्याची साल. शेवटी ताज्या पावासारखं काहीतरी.”

“वा!” वर्लिन म्हणाला. आणि मग त्याची नजर वर जिन्याकडे गेली.

नळी अजून केंडलच्या हातात होती. त्याने ती सावकाश टेबलावर ठेवली, सांडू नये अशी जपून. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. वर आर्लिसच्या चपलांचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला.

“हे काही पिणं नव्हे,” वर्लिन कुजबुजला. “हे तपासणं आहे. त्यात धड गॅससुद्धा नाही अजून.”

केंडलने हाताच्या पाठीने तोंड पुसलं.

“एक घोट रे. चमचाभर. थुंकला असतास तरी तेवढंच. शहात्तर दिवस तू काढलेस, ते काय एका चमच्यात वाहून जातात? कुणाला सांगायची गरज नाही. मी मेलो तरी सांगणार नाही. चौदा दिवसांवर टिली आलीय, केंडल. खरं ना?”

“हं,” केंडल म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

नंतरचे दोन आठवडे वर्लिन स्वतःला समजावत राहिला. बाटल्या त्याने एकट्यानेच भरल्या. केंडल खाली आला नाही, पाठ दुखते म्हणाला. पत्त्यांच्या दोस्तांनी प्रत्येकी बारा बाटल्या नेल्या आणि सांगून पाठवलं, की वर्लिन, म्हातारपणी तुला ही बायकी बिअर कुठून सुचली, पण अजून असेल तर दे. वर्लिन हसला. रात्री जेवताना तो केंडलकडे अशा नजरेने बघायचा, की बघ, आपलं ठरलंय ना. केंडल बशीत बघायचा. वर्लिनला मनातून वाटायचं, आपण पोराला वाचवलं. घरातल्या घरात झाकलं, कुणाचं काय गेलं? आपलेच दात, आपलेच ओठ.

नव्वदावा दिवस शनिवारचा. चर्चमधल्या मंडळींची बैठक दुपारी दोनला, आणि त्या दिवशी घरच्यांनाही बोलावलेलं. सकाळपासून वर्लिनचा जीव थाऱ्यावर नव्हता. बारा वाजता तो कोपऱ्यावर गेला, माशाचं सँडविच खाल्लं आणि पोट स्थिर व्हावं म्हणून दोन बिअर घेतल्या. मग गाडी घेऊन थेट चर्चवर. आर्लिस शेजारणीबरोबर आधीच आली होती आणि तिने त्याच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. पुढच्या रांगेत मारिट, तिच्या मांडीवर टिली, अंगावर नवा निळा कोट.

शाळेची बस चालवणारी एक धिप्पाड बाई मंडळींची पुढारी होती. तिने नव्वद दिवसांचा बिल्ला हातात धरला आणि केंडलचं नाव घेतलं. वर्लिनचे डोळे भरून आले. त्याने आर्लिसचा हात दाबला.

केंडल उभा राहिला. “माझे नव्वद नाहीत,” तो म्हणाला. “चौदा आहेत. एक घोट घेतला. कुणी जबरदस्ती केली नाही. माझाच हात, माझंच तोंड.” एवढं बोलून तो बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नव्वदाला वाजवल्या असत्या तेवढ्याच. वर्लिनला त्या टाळ्या कानफटात बसल्यासारख्या वाटल्या. मारिट मात्र दचकली नाही. तिने टिलीच्या कोटाची बटणं लावली, तिला उचललं आणि जिना चढून बाहेर गेली. वर्लिन खुर्च्यांना अडखळत तिच्या मागे धावला.

बाहेर वितळत्या बर्फाचा चिखल झाला होता. मारिट टिलीला गाडीत बसवत होती.

“मारिट, थांब! त्याची चूक नाही गं. मी दिली. माझ्या या हाताने. हात आपोआप गेला. त्याला शिक्षा नको करूस, मला काय बोलायचं ते बोल.”

“मला माहितेय, वर्लिन.” तिने गाडीचं दार लावलं, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. “त्याने त्याच संध्याकाळी फोन केला मला.”

“त्याच संध्याकाळी? मग दोन आठवडे तू…”

“तोच म्हणाला, डॅडला कळू देऊ नकोस. डॅडला वाटतंय की त्याने मला वाचवलं. राहू दे त्याला तेवढं समाधान.”

मारिट पुढे म्हणाली, “केंडल आज आमच्याबरोबर घरी येतोय. चौदा तर चौदा. खरे आहेत.”

“देवा!” वर्लिन म्हणाला, आणि त्याने तिला जवळ घ्यायला दोन्ही हात पसरले. मारिट एक पाऊल मागे सरकली.

“पण तुमच्या घरी तो येणार नाही आता. टिलीसुद्धा नाही.”

“मी तळघर रिकामं करतो. आजच. भांडं, बादल्या, सगळं भंगारात देतो. बघच तू.”

“भांड्याचं काही नाही हो.” तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. “मी त्याला विचारलं, अरे, नको असं का म्हणाला नाहीस? तर म्हणतो, नळी देताना डॅडचा चेहरा इतका फुलला होता, की नाही म्हणायला माझं तोंडच उघडेना. बारा वर्षांचा असल्यापासून उघडलेलं नाही.”

वर्लिन चिखलात उभा राहिला. हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं, तो फुललेला चेहरा आणि तो चाखणारा पोरगा. आणि ती नेमका त्या सुखालाच दोष देत होती.

“किती दिवस?” त्याने शेवटी विचारलं. “मला किती दिवस यायला बंदी?”

“ते मी कसं सांगू? तुम्ही तुमचा पहिला दिवससुद्धा मोजलेला नाही अजून.”

“मी? अगं, मी तर…” तो म्हणाला आणि थांबला. तिने मान जराशी वळवून धरली होती. त्याच्या तोंडाचा वास तिला येत होता आणि त्याला स्वतःला येत नव्हता.

केंडल बाहेर आला. त्याने बापाला मिठी मारली, चांगली घट्ट. “फोन करतो, डॅड,” तो म्हणाला आणि बायकोच्या शेजारी जाऊन बसला. गाडी वळणावर गेली. मागच्या काचेतून टिली हात हलवत होती, आणि वर्लिननेही हलवला.

आर्लिस वर आली, हातात झाकलेला केकचा ट्रे. तिने काही विचारलं नाही. गाडीपाशी येऊन तिने मोकळा हात पुढे केला.

“किल्ली दे.”

“मी चालवतो की.”

“पिऊन आलायस तू. नातीला खड्ड्यात कुणी घातलं, ते आठव.”

“केंडलने,” तो म्हणाला.

“केंडलने ना?” आर्लिस म्हणाली, आणि हात तसाच पुढे धरून उभी राहिली.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात बायको गाडी चालवतेय आणि आपण बाजूला बसलोय असं वर्लिनने कधी होऊ दिलं नव्हतं. त्याने खिसा चाचपला, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि पलीकडच्या दाराने आत बसला. आर्लिस आरसा आपल्या उंचीला नीट करत होती, तोवर तो तोंड हातांत घेऊन रडायला लागला होता.